अर्ध्या गोष्टीचा हुंकार

गोलबाजारात वाळ्याच्या ताट्या घ्यायला गेलेली बाई पोटात निखारा घेऊन घरी येईल, असं कोणाला वाटलं असतं? पण झालं तसंच. एप्रिल अर्धा सरला होता. रायपूरचं ऊन भिंती फोडून घरात शिरायला लागलं होतं आणि उल्काच्या कूलरच्या जुन्या ताट्यांचा नुसता भुसा झाला होता, म्हणून ती सकाळीच बाहेर पडली. ताट्यांचा भाव चालला होता तेवढ्यात मागून हाक आली.

"उल्काताई! बरं झालं भेटल्या." दीपमाला होती. हातात स्टीलचे डबे, कपाळावर घाम. "काकांची तेरवी झाली आता. या रविवारी बैठक भरवून राहिलो आपण. दिव्याची गोष्ट तुमच्याकडेच आहे, तयारी करून या बरं."

"हव, येते ना."

"आणि ऐका ना..." दीपमालानं आवाज जरा खाली आणला. "अस्मिता म्हणत होती, ती गोष्ट तिनं सांगितली तर चालन का म्हणून. मी म्हटलं, ताईले विचार बापा. तुमची हरकत नसन तर..."

"पाहू," उल्का म्हणाली, आणि अर्धा राहिलेला भाव तसाच सोडून, मागितले तेवढे पैसे देऊन, ताट्या उचलून ई-रिक्षात बसली. चौबे कॉलनीतल्या घरापर्यंत तिच्या डोक्यात एकच नाव घुमत होतं. अस्मिता. सगळं हिलाच पाहिजे. गोष्टही हिलाच पाहिजे.

आता ही बैठक म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे. ब्राह्मणपाऱ्यात दीपमालाच्या घरी वरची खोली आहे. तिथं दर रविवारी दुपारी आपली मराठी माणसं जमत. कोणाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून इकडे आलेले, कोणी नव्या राजधानीच्या ऑफिसांमागे परवा-परवा आलेलं. कॉलेजातून रिटायर झालेले निरंजन सर इंग्रजीतली एखादी जुनी, नावाजलेली लघुकथा मोठ्यानं वाचत. मग तिच्यावर बोलणं. अमका असा का वागला, तमकीनं दार का उघडलं, लेखकानं हे का लपवलं. चहा, चिवडा, वादावादी. आणि पुढच्या रविवारी तीच गोष्ट कोणीतरी एकानं आपल्या मराठीत सांगायची.

सांगायची कोणाला? पांडुरंगकाकांना. काका रेल्वेतून रिटायर झालेले. इंग्रजी म्हणाल तर त्यांना साहेबाच्या शिव्या तेवढ्या कळायच्या. पण सरांचं वाचणं ऐकायला ते न चुकता येत, कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसत, बोटानं दातांना गुडाखू चोळत. गुडाखू म्हणजे तंबाखू न् गुळाची ती काळी पेस्ट, इकडे घरोघरी चालते. खोलीत त्याचा गोडसर उग्र वास भरून राही. दीपमाला नाक मुरडायची, काका हसायचे.

आणि काका होते बैठकीचे हुंकारू. छत्तीसगढात गोष्ट नुसती सांगत नाहीत. प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी "हव" म्हणावं लागतं, तो हुंकारू. त्यानं हव म्हटलं की गोष्ट एक पाऊल पुढे. काका लहानपणी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, म्हाताऱ्या डोकऱ्यांच्या गोष्टींना हुंकार देत मोठे झाले होते आणि या कामात मोठे खडूस होते. वाक्य नुसतं ओठांवरून आलं की काका गप्प. एकदा उशीर होत होता म्हणून उल्कानं गोष्टीतल्या कजाग सासूचं मन एका वाक्यात वळवून टाकलं. काका गप्प. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. काका गप्पच. मग म्हणाले, "मनातून म्हण पोट्टी. तोंडातून नको."

त्यांचे दोन नियम होते. गोष्ट अर्धी सोडायची नाही, हुंकारू तिथंच अडकून राहतो. आणि एकट्यानं तालीम करायची नाही. "हव म्हणाले कोणी नसलं," काका डोळे बारीक करून म्हणत, "तर कोणी ना कोणी येतेच." सगळे हसायचे.

उल्काला या बैठकीचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. तर खरं सांगायचं म्हणजे, घरी तिचं कोणी ऐकत नसे. नवरा नरेंद्र नव्या रायपूरच्या ऑफिसातून येई आणि फोनमध्ये डोकं घाली. माणूस वाईट नाही, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे बंद खिडकीशी बोलणं. मुलगी निधी मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "मम्मी, शॉर्ट में बताओ ना!" साऱ्या आठवड्यात तिचं कोणी ऐकायचं ते फक्त रविवारी, त्या खोलीत. तिथं ती बोले आणि सारे गप्प बसत. गेली कित्येक वर्षं गोष्ट सांगावी तर उल्कानंच, असं ठरून गेलं होतं.

आणि मग गेल्या दिवाळीला ही अस्मिता आली. नागपूरची, वयानं पंधरा-सोळा वर्षांनी लहान. नवरा रणजित सिलतऱ्याच्या एका कारखान्यात. पोरगी पहिल्यांदा गोष्ट सांगायला बसली ती खाली, सतरंजीवर. ना हातवारे, ना आवाजाचे चढउतार. शेजारणीला दुपारचं काही सांगावं तसं सांगत गेली, आणि खोलीतला चहा गार झाला. काकांचा हव बदलला होता. उल्काला त्यांचा हव कसा मिळायचा? "हव." पोस्टात शिक्का मारल्यासारखा. अस्मिताला मिळाला तो लांब, आतून ओढून काढलेला: "हवऽऽ वो माय..."

गोष्ट संपल्यावर काकांनी गमछ्यानं डोळे पुसले. म्हणाले, "तुह्या गोष्टीत मी डोळे मिटून बसलो ना, तरी मले सारं दिसते."

उल्का टाळ्या वाजवत होती. सगळ्यांत जास्त तिनंच वाजवल्या. घरी येऊन पोळ्या लाटताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. निधीनं विचारलं, "क्या हुआ?" तर म्हणाली, "कांदा." त्या दिवशी घरात कांदा चिरलाच नव्हता.

काकांच्या शेवटच्या रविवारी सरांनी ती दिव्याची गोष्ट वाचली. फार जुनी, कोण्या समुद्रकाठच्या इंग्रजी गावातली. दोघी बहिणी. थोरली रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावते, त्या उजेडावर गावच्या होड्या बंदराला लागतात. धाकटीचं लग्न एका खलाशाशी ठरतं. त्याच खलाशावर थोरलीचं मन होतं, पण तिला कोणी विचारलेलंच नसतं. मग वादळाची संध्याकाळ येते, त्याची होडी पाण्यात असते आणि थोरली दिवा विझवते.

काकांसमोर शेवट फोडायचा नाही म्हणून सरांनी चर्चा तेवढ्यापुरतीच घेतली. थोरली वाईट होती का? जो तो थोरलीवर तुटून पडला. अस्मिता मात्र म्हणाली, "मले नाही वाटत सर. तिच्याजवळ तो एक दिवाच होता. बाकी तिच्याकडे पाहत कोण होतं? ज्याच्याजवळ एकच गोष्ट असते ना, ते माणूस त्याच गोष्टीनं वार करते."

उल्कानं चहाचा कप खाली ठेवला. या पोरीला कसं कळलं? कोणी सांगितलं हिला? दुसऱ्यानं आपल्याला पार आतपर्यंत पाहावं, आणि तेही जिच्यावर आपण जळतो तिनं, यासारखा अपमान नाही.

जिना उतरताना काका थांबले. "पोट्टीहो, त्या दिव्याचं मंग काय झालं?"

"पुढच्या रविवारी सांगते काका," उल्का म्हणाली. गोष्ट तिच्याकडे होती.

काका त्याच आठवड्यात गेले. झोपेतच. शेवट न ऐकता.

तर त्या दिवशी, गोलबाजारातून आल्यावर, उल्कानं मिस्त्रीकडून नव्या ताट्या बसवून घेतल्या, जेवली, पडदे ओढले. नरेंद्र ऑफिसात, निधी क्लासला. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि सकाळी पुसलेल्या फरशीवर पुन्हा बसलेली कारखान्यांची काळी धूळ. तिनं ठरवलं होतं, या रविवारी अशी गोष्ट सांगायची की त्या अस्मितानं तोंडात बोट घालावं. कूलरजवळच्या वेताच्या बैठ्या मोड्याकडे तोंड करून ती बसली आणि तालमीला लागली. नियम आठवला तिला. पण आता नियम करणाराच नव्हता.

"एका समुद्रकाठी एक गाव होतं," ती म्हणाली. सवयीनं थांबली.

"हव."

तिला वाटलं कूलर. पाण्याचा पंप कधीकधी असा आवाज करतो. ती पुढे म्हणाली, "त्या गावात दोघी बहिणी राहायच्या..."

"हव."

तेवढ्यात लाइट गेली. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. घर इतकं शांत झालं की मडक्यातून पाझरणारं पाणी ऐकू यावं. आणि त्या शांततेत, मोड्याच्या बाजूनं, अगदी हाताच्या अंतरावरून कोणीतरी खाकरलं.

"...मंग?"

वाळ्याचा वास मागे सरला होता. गोडसर, उग्र वास येत होता. गुडाखूचा.

उल्का मागे सरकून भिंतीला टेकली. मोडा रिकामा होता, स्पष्ट दिसत होता, त्याच्या वेतावर फक्त जरासा दाब पडल्यासारखं करकरत होतं. पण त्या भीतीच्याही आत, खोल, दुसरंच काहीतरी उमलत होतं, आणि ते काय होतं हे तिला लगेच कळलं. आनंद होता तो. काका माझ्याकडे आले. तिच्याकडे नाही, माझ्याकडे!

"काका," ती कुजबुजली, "सांगते मी..."

त्यानंतर रोज दुपारी हेच. घर रिकामं झालं की पडदे ओढायचे आणि बसायचं. गोष्ट ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, दिव्यापर्यंत नेई आणि थांबे. शेवट सांगत नसे. शेवट ऐकला की काका जाणार, एवढं तिला समजत होतं. तिकडून "मंग?" येई. ती म्हणे, "उद्या, काका." नरेंद्रनं एकदा विचारलं, "हा वास कशाचा येऊन राहिला घरात?" तिनं खिडक्या उघडल्या. एवढंच.

एकच सल होता. हव तोच होता. कोरडा, शिक्का मारल्यासारखा. मेल्यावरसुद्धा काकांनी तिला जास्तीचं काही दिलं नव्हतं.

शुक्रवारी अस्मिताचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि पोरगी चाचरली. "ताई, एक विचारू? काका गेल्यापासून... तुमच्याकडे काही... वास येते का हो? गुडाखूचा?"

उल्कानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही बा. काहून?"

"काही नाही. असंच."

अंगाचा भडका उडाला तिच्या. म्हणजे तिकडेही! हिच्याकडेही जातात! रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, अस्मिताचा कधीचा राहिलेला डबा परत करायचं निमित्त काढून, ती भर उन्हात तिच्या घरी गेली. दाराशी पोचली आणि बेलवर बोट ठेवणार तोच आतून आवाज आला. अस्मिता गोष्ट सांगत होती. दिव्याचीच. सावकाश, साधं, शेजारणीला सांगावं तसं.

"...आणि थोरलीनं खिडकीकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, आजच्या दिवस माझा हात थांबला तर काय होईल..."

"हवऽऽ वो माय..."

दाराच्या लाकडातून तो हव उल्काच्या छातीत घुसला. केवढी माया होती त्यात! तिच्या रिकाम्या खोलीत रोज येणारा तो कोरडा हव, आणि हा. दोन्ही एकाच माणसाचे. तिच्याकडे तो येत होता तो फक्त शेवटासाठी, आणि इथं गोष्टीसाठी. आत अस्मिता शेवटाकडे निघाली होती. उल्कानं बेलवर बोट दाबलं आणि दाबूनच धरलं.

"ताई! एवढ्या उन्हात? या ना, पाणी देते." अस्मितानं दार उघडलं. डोळे पाणावलेले, पण चेहरा शांत. मागच्या खोलीत एक खुर्ची ओढून ठेवलेली दिसत होती.

"कोणाशी बोलून राहिली होती?"

अस्मितानं खाली पाहिलं. मग वर. "तुम्हाला सांगते ताई, हसू नका. काका येतात. मी घाबरत नाही. त्यांचा शेवट राहून गेला ना, तो ऐकाले येतात बिचारे. आज दिवेलागणीला सांगून टाकते. मंग मोकळे होतील." ती थांबली. "गोष्ट तुमचीच आहे, मले माहीत आहे. रविवारी तुम्हीच सांगा. मी फक्त काकांना..."

"हव," उल्का म्हणाली. "सांग ना. मी काय म्हणते?" डबा तिच्या हातात देऊन ती जिना उतरली. हसतसुद्धा होती.

दिवेलागणीला ही शेवट सांगणार. काका हिच्या तोंडून ऐकणार, हिला तो लांब हव देणार आणि हिच्या घरातून जाणार. आपल्याकडे उरणार काय? रिकामा मोडा, "शॉर्ट में बताओ" आणि पोळ्या. रिक्षात बसल्या-बसल्या उल्काच्या दाढा एकमेकींवर घासत होत्या.

घरी आली ती चप्पल न काढता मोड्यासमोर बसली. पडदे ओढायचंही भान नव्हतं. "एका समुद्रकाठी एक गाव होतं," ती धापा टाकत म्हणाली.

"हव."

"थोरलीनं दिवा विझवला."

"हव... मंग?"

आणि मग काय झालं ते तिलाही नीट कळलं नाही. दिव्याची गोष्ट तिच्या तोंडातून गळून पडली आणि खालून दुसरी वर आली.

"मंग," उल्का म्हणाली, "दुसऱ्या एका गावात एक बाई गोष्टी सांगायची. तिच्याजवळ तेवढंच होतं. एक दिवस तिथं एक नवी पोट्टी आली. अस्मिता तिचं नाव. तिनं तोंड उघडलं आणि जुन्या बाईचं जे काही होतं ते सारं घेऊन गेली. मागितलं नाही, हिसकलं नाही. नुसती बसली आणि सारं तिचं झालं."

"हवऽऽ..."

उल्का दचकली. मोडा करकरला. कोणीतरी पुढे सरकून बसावं तसा. वास दाट झाला. तिचा आवाज आपोआप खाली आला, हात मांडीवर निपचित पडले. अशी ती जन्मात कधी बोलली नव्हती.

"मंग एका दुपारी त्या पोट्टीचा आवाज गेला. ना ताप, ना खोकला. शब्द घशापर्यंत आला आणि तिथंच मेला. ती गोष्टीचा शेवट सांगणार होती, तो तिच्या आतच राहिला. आणि कोणीच, कोणीच तिच्याकडे गोष्ट ऐकाले आलं नाही."

मग अगदी तिच्या कानाजवळ, गुडाखूनं दरवळणारा गरम श्वास.

"हवऽऽ वो माय..."

इतक्या वर्षांनी! उल्का तोंडावर पदर धरून हमसून हमसून रडली. सुखानं रडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. "ताई, अस्मिताचा आवाजच गेला हो! एकदम! रणजितभैया तिले दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं दुर्बिणीनं घसा पाहिला, म्हणते सारं ठीक आहे. काय झालं असन हो?"

फोन ठेवल्यावर उल्काला पहिल्यांदा बरं वाटलं. थोडाच वेळ, पण वाटलं. मग तिला दुपारचे स्वतःचेच शब्द आठवले. ती उठली, निधीला दुकानात पिटाळलं, मोड्यासमोर बसली. "काका... मंग तिचा आवाज परत आला."

कूलरची घरघर.

"काका, ऐका ना. त्या पोट्टीचा आवाज परत आला. पहिल्यासारखा."

कोणी हव म्हणालं नाही. वासही नव्हता. नुसता ओला वाळा. तिनं दिव्याच्या गोष्टीचा शेवटही सांगून पाहिला, घाईघाईत, मोड्याच्या पाया पडून. तिथं कोणीच नव्हतं. काका तिचं घर सोडून गेले होते, आणि कुठं गेले होते ते तिला कळत नव्हतं.

रविवारी बैठक भरली. रणजितनं अस्मिताला आणून सोडलं, घरी एकटी नको म्हणून. पोरगी अर्धी झाली होती. गळ्याभोवती ओढणी, डोळे खाली. दीपमालानं तिला हाताला धरून काकांच्या वेताच्या खुर्चीत बसवलं. "इथं बस. तुले बोलता येत नाही तर नको बोलू. नुसती मान हलव. आज आमची हुंकारू तू."

उल्का समोर बसली. शेवट सांगून टाकायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. काका जिथं असतील तिथं ऐकतील आणि जातील.

"एका समुद्रकाठी एक गाव होतं."

अस्मितानं मान हलवली नाही. तिचे ओठ उघडले आणि त्यांतून खर्जातला, खाकरणारा, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला.

"हव."

मग दीपमाला ओरडली, "आला! आवाज आला हिचा!" खोलीत एकच गलका झाला. घसा बसल्यावर असंच होते, आवाज जाडच येते आधी, असं सर म्हणाले. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. सगळे तिच्याकडे झुकले होते. अस्मिता फक्त उल्काकडे पाहत होती. आत कोंडलेल्या माणसानं बंद दाराच्या फटीतून पाहावं, तशी.

आणि तेव्हाही, बरं का, त्या क्षणीही, सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे झालेल्या पाहून उल्काच्या पोटात ती जुनी कळ उठली. हिच्याचकडे! अजून हिच्याचकडे!

"सांगा ताई, पुढे सांगा," सर म्हणाले.

ती सांगत गेली. प्रत्येक वाक्यामागे तो आवाज येत गेला. दिवा विझला, होडी गेली, वर्ष लोटलं. एका संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात तो खलाशी, अंगावरून समुद्र निथळतोय. त्यानं विचारलं, दिवा कोणी विझवला? थोरलीच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा मागून धाकटी पुढे आली. सारं ठाऊक असून म्हणाली, मी. आणि त्याचा हात धरून पाण्यात चालत गेली. थोरली दारात उभी राहिली. जन्मभर दिवा लावत राहिली.

"झाली गोष्ट," उल्का म्हणाली. आता उठतील. आता जातील.

अस्मिता खुर्चीतून उठली नाही. गुडाखूचा वास खोलीभर पसरला. दीपमालानं नाक मुरडलं आणि कोपऱ्याकडे पाहून गोंधळली.

"मंग?" त्या आवाजानं विचारलं. "दुसरी गोष्ट? त्या पोट्टीचं काय झालं?"

कोणाला काही कळलं नाही. उल्काला कळलं. दिव्याची गोष्ट संपली होती. अर्धी राहिली होती ती दुसरी, तिनं स्वतः सुरू केलेली, तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट. तिचा शेवट एका वाक्याचा होता.

"मंग... तिचा आवाज परत आला," उल्का म्हणाली.

खुर्ची गप्प.

"अगदी पहिल्यासारखा आला. गोड."

गप्प. अस्मिताच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. दीपमाला तिला जवळ घेत होती, सर वाकून विचारत होते, सारी खोली तिच्याभोवती गोळा झाली होती. उल्का एकटी समोर बसली होती.

"मनातून म्हण पोट्टी," अस्मिताच्या तोंडून काका हळूच म्हणाले. "तोंडातून नको."

बैठक अजून भरते. ब्राह्मणपाऱ्यात कोणालाही विचारा, सांगतील, उल्काताई आता काय सुंदर सांगतात! अस्मिताचा आवाज काही सुधारला नाही. हुंकारापुरता निघतो तेवढाच, तोही तसला. डॉक्टर थकले. दर रविवारी सगळे जिना उतरून गेले की उल्का मागे थांबते, खुर्चीतल्या अस्मितासमोर बसते आणि ते एक वाक्य म्हणते. कधी हात जोडून, कधी रडून. मग हव येण्याची वाट पाहते.

परवा तिनं अस्मिताचा हात हातात घेतला. ही पोरगी कधी सुपारीच्या खांडालासुद्धा शिवलेली नाही. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुडाखूनं पेरापर्यंत काळं होतं.

"मंग?" अस्मितानं विचारलं.